जीप उघडली, आता हात आवरा

इचलकरंजीत जुनी जीप चालू करणं अवघड नाही. तिला जुनीच राहू देणं अवघड आहे. या गावात लोखंडाला नाही म्हणणारा माणूस सहसा भेटत नाही. दात तुटलेला गिअर न्या, झिजलेला शाफ्ट न्या, गोलाई हरवलेला बुश न्या. ‘होतंय की, ठेवा तिथं’ एवढंच उत्तर मिळतं. चार दिवसांनी तो भाग नवा होऊन हातात पडतो आणि सोबत एक वाक्यही मिळतं, ‘जरा जाड केलाय बघा. कंपनीनं लई बारीक ठेवला होता.’

हा लेख त्या ‘जरा जाड’विषयी आहे.

गावाला ही सवय मागांनी लावली. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी इथे पहिला यंत्रमाग बसवला. जहागीरदार नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांनी या धंद्याला आश्रय दिला आणि पुढच्या काही दशकांत पंचगंगेकाठचं हे गाव मागांच्या खडखडाटावरून ओळखलं जाऊ लागलं. माग दिवसरात्र चालतो आणि दिवसरात्र मोडतोही. बंद पडलेला माग मालकाला खातो तसाच कामगारालाही, कारण मजुरी विणलेल्या कापडावर असते. सुटा भाग मुंबईहून येईपर्यंत हातावर हात ठेवून बसणं कुणालाच परवडणारं नव्हतं. म्हणून मागांच्या मागोमाग लेथ आले, बिडाचं ओतकाम करणाऱ्या फौंड्र्या आल्या आणि नुसत्या आवाजावरून दुखणं ओळखणारा जॉबर आला. तिकडे कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगर, मग शिरोली, गोकुळ शिरगाव अशा वसाहती वाढत गेल्या. शेतीपंपाच्या ऑइल इंजिनापासून मोटारीच्या पिस्टनपर्यंत सगळं तिथं होऊ लागलं. कोल्हापूर ते इचलकरंजी या तीसेक किलोमीटरच्या पट्ट्यात जीपचा होऊ न शकणारा भाग शोधायचा म्हटलं तर बराच वेळ शोधावं लागेल.

आता ही जीप कुठली ते सांगायला हवं, कारण आपल्याकडे वडापच्या लांब गाडीपासून आमदारांच्या चकचकीत गाडीपर्यंत सगळ्यांनाच जीप म्हणतात. मी बोलतोय ती आखूड, उघडी, दोन्ही धुऱ्यांना ताकद जाणारी गाडी. तिची मूळ पिढी युद्धातली. १९४० मध्ये अमेरिकी लष्कराने हलक्या गाडीची मागणी काढली, बँटम या छोट्या कंपनीने पहिला नमुना करून दिला आणि मोठं उत्पादन मात्र विलिस-ओव्हरलँड आणि फोर्ड यांच्याकडे गेलं. युद्ध संपेपर्यंत या दोघांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बनवल्या. बँटमच्या वाट्याला जोडगाड्या बनवण्याचं काम आलं. कल्पना एकाची आणि कारखाना दुसऱ्याचा, हा व्यवहार आपल्या सूतगिरणीवाल्यांना नवा वाटणार नाही.

भारतात ही गाडी आणली ती १९४५ मध्ये लुधियान्यात सुरू झालेल्या ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ने. त्यातले गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले, पुढे गव्हर्नर जनरलही. १९४८ मध्ये कंपनीचं नाव ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झालं आणि १९४९ मध्ये मुंबईत माझगावला सुट्या भागांतून जोडलेली पहिली विलिस जीप बाहेर पडली. पुढे कांदिवलीच्या कारखान्यात जी जीप वर्षानुवर्षं बनत राहिली तिचं घराणं ‘सीजे-३बी’चं. अमेरिकेत हे मॉडेल १९५३ मध्ये आलं आणि १९६८ मध्ये बंद झालं. आपल्याकडे मात्र त्याच चेहऱ्यामोहऱ्याच्या गाड्या ३४०, ५००, ५४० अशी नावं घेत त्यानंतरही कित्येक वर्षं येत राहिल्या.

सीजे-३बी ओळखायची खूण सोपी आहे. तिचं बोनेट उंच, जवळजवळ कपाळाला आल्यासारखं असतं. हौशी लोक याला ‘हाय हूड’ म्हणतात. ही उंची शोभेसाठी नाही. युद्धातल्या जीपच्या इंजिनात सगळे व्हॉल्व्ह बाजूला, ब्लॉकमध्ये होते. नंतरच्या ‘हरिकेन’ इंजिनात हवा आत घेणारे व्हॉल्व्ह वर, हेडमध्ये नेले आणि धूर सोडणारे खालीच ठेवले. ताकद वाढली, पण इंजिन उंच झालं. बोनेट उचलून घेण्यावाचून इलाज नव्हता. जुन्या गाडीच्या प्रत्येक वेड्यावाकड्या रेषेमागे असं एखादं कारण सापडतं, आणि ते कारण कळण्याआधी रेष सरळ करायला जाऊ नये.

आमच्या भागात या जीपा आल्या त्या तीन वाटांनी. एक सरकारी वाट: पाटबंधारे, महसूल, पोलीस, जिल्हा परिषद. गाडी निर्लेखित झाली की लिलाव, आणि लिलावात बोली लावणारे ठरलेले चार चेहरे. दुसरी वाट साखर कारखान्यांची. ऊस नोंदवणारे शेती अधिकारी आणि त्यांच्या मागे बसलेला स्लिपबॉय यांना पावसाळी रस्त्याने मळ्यापर्यंत नेणारं दुसरं वाहन त्या काळी नव्हतं. तिसरी वाट बागायतदारांची आणि निपाणीकडच्या तंबाखू व्यापाऱ्यांची. यातल्या बऱ्याच जीपा पुढे निवडणुकीत भोंगे लावून फिरल्या, लग्नात वऱ्हाड घेऊन गेल्या, वडापला लागल्या आणि शेवटी गोठ्याच्या कडेला पाचटाखाली जाऊन बसल्या. माणसं सोडवून आणतात ती तिथूनच.

ज्या शेडमध्ये मी अशीच एक जीप दुरुस्त होताना बघत होतो तिथं पूर्वी साधे माग होते. साधे माग भंगारात गेले, ऑटोलूम दुसरीकडे गेले, आणि रिकाम्या जमिनीत बोल्टांची भोकं तेवढी उरली. त्या भोकांवर आता चेसी ठेवलेली आहे. मालक स्वतः यंत्रमागधारक. घराला लागूनच शेड, त्यामुळे संध्याकाळी हिशेब संपला की इकडे. त्यांच्या आई दारातून विचारत, ‘आज तरी चाक लागलं काय रं?’ आणि उत्तराची वाट न पाहता आत जात.

जुनी जीप घरी उघडायची म्हणजे आधी पत्रा उघडायचा. इथेच पहिला धक्का बसतो. वरून धडधाकट दिसणारी बॉडी खरवडली की तीन पिढ्यांच्या रंगाखाली लांबी (पुट्टी) निघते, कुठे अर्धा इंचसुद्धा. डेंटरनी पत्रा कापून नवा लावायचा कंटाळा केला, लांबी भरली, घासली, वर रंग मारला. लांबी पाणी धरते आणि पत्रा आतून खाते. त्याहून लपलेली जागा म्हणजे फरशीखालच्या आडव्या पट्ट्या. टोपीच्या आकारात वाकवलेल्या या पट्ट्यांच्या पोटात कारखान्यानेच लाकडाचे ठोकळे बसवले होते, म्हणजे बॉडीचे बोल्ट आवळताना पट्टी चेपू नये. युद्धातल्या गाडीचं आयुष्य काही महिन्यांचं गृहीत धरलेलं. लाकूड तेवढ्यात कुजत नाही. साठ पावसाळ्यांत मात्र ते स्पंजासारखं होतं आणि पट्टी आतून बाहेर गंजत येते. ही पट्टी नवी वाकवून लावायला आमच्या ब्रेक प्रेसवाल्यांना अर्धा दिवस पुरतो. लाकूड पुन्हा घालायचं की नाही, यावर वाद होतो. माझं मत: आत लाकडाऐवजी नळीचा तुकडा उभा लावावा. दिसत नाही, कुजत नाही, मूळ रचनेला धक्का नाही. हा बदल मला मान्य आहे. का, ते पुढे येईल.

घरी काम करणाऱ्यांसाठी एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. या जीपची पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली असते. टाकी जागेवर ठेवून आसपास वेल्डिंग करू नये, आणि टाकीचीच झाळ मारायची असेल तर रिकामी टाकी म्हणजे सुरक्षित टाकी असं समजू नये. पेट्रोलपेक्षा पेट्रोलची वाफ वाईट. जुने मिस्त्री टाकी धुऊन, पाण्याने काठोकाठ भरून, झाळायची तेवढीच जागा वर ठेवतात. घाईत असलेल्या माणसाने हे काम घरी करूच नये.

चेसी मोकळी झाली की स्टिअरिंग. या गाड्या रस्त्यावर ‘नाचतात’ अशी तक्रार असते आणि लोक थेट पॉवर स्टिअरिंगच्या गोष्टी करू लागतात. बहुतेक वेळा दोष इतका मोठा नसतो. पुढच्या बाजूला मध्यावर बेल क्रँक नावाचा एक त्रिकोणी तुकडा असतो, स्टिअरिंगची ओढ आधी त्याच्याकडे येते आणि मग दोन्ही चाकांना जाते. त्याची पिन आणि बुश झिजले की चाकांना स्वतःचं मत येतं. त्यात किंगपिनच्या बेअरिंगखालच्या पातळ चकत्या कुणीतरी काढून टाकलेल्या असतात. पितळी बुश, नवी पिन, चकत्यांची मोजून जुळणी. हे काम कुठल्याही चांगल्या टर्नरचं आहे, पण ‘मोजून’ हा शब्द त्यातला महत्त्वाचा.

आता ट्रान्सफर केस. माझ्या मते जीपचं खरं डोकं इंजिनात नाही, इथे आहे. गिअरबॉक्सच्या मागे लावलेला हा बिडाचा डबा ताकद दोन वाटांनी सोडतो, एक मागच्या धुऱ्याला आणि कांडी ओढली की एक पुढच्याला. दुसरी कांडी हलका आणि जड गिअर ठरवते. मागचा शाफ्ट मध्यावरून न जाता बाजूने निघतो, म्हणून मागच्या धुऱ्याचा गोळाही (डिफरेन्शियल) मध्यावर नाही, एका अंगाला आहे. गाडीखाली वाकून पाहणाऱ्या नव्या माणसाला वाटतं की कुणीतरी वाकडं बसवलंय. दोन्ही धुरे जोडले गेल्यावर पुढच्या-मागच्या चाकांमध्ये फरक सोसायला काहीच उरत नाही. चिखलात, उसाच्या सरीत, नदीच्या वाळूत चाक थोडं घसरतं आणि तो ताण सुटतो. डांबरावर सुटत नाही. लग्नाच्या वरातीत रुबाब म्हणून फोर-बाय-फोर टाकून कोरड्या रस्त्यावर वळणारे बहाद्दर या डब्याचा जीव असाच घेतात.

या डब्यात मधोमध एक आडवा शाफ्ट असतो. तो स्वतः फिरत नाही, त्याच्यावर मधला गिअर फिरतो आणि दोघांच्या मध्ये सुईसारखे बारीक रोलर असतात. रोलरना वेगळी बाहेरची किंवा आतली रिंग नाही, ते थेट शाफ्टच्या अंगावर पळतात. त्यामुळे हा शाफ्ट झिजतो, आणि झिजला की जड गिअर आपोआप सुटू लागतो, डबा कण्हू लागतो. हा भाग जुन्या गाडीत शंभरातल्या शंभर वेळा पाहावा लागतो असं म्हटलं तरी चालेल.

शाफ्ट घेऊन आम्ही टर्नरकडे गेलो. वयस्क माणूस, उभी हयात मागांचे क्रँक करण्यात गेलेली. त्यांनी शाफ्ट बोटांत फिरवला, नखाने खाच पाहिली आणि म्हणाले, ‘अण्णा, ह्याला काय, ईएन-आठ घेऊ, दोन दिवसात न्या.’ मालक थोडे घुटमळले. शाफ्ट मापाचा होणार यात शंका नव्हती. प्रश्न मापाचा नव्हताच. मागाचा क्रँक पितळी किंवा बिडाच्या बुशात तेलाच्या थरावर फिरतो, तिथे मध्यम पोलाद चालून जातं. इथे सुईचे रोलर एका रेषेवर टेकतात, सगळा भार त्या रेषेवर. वरची कातडी काचेसारखी कडक हवी आणि आतला गाभा चिवट हवा. सगळाच कडक केला तर झटक्याने तुटतो, सगळाच मऊ ठेवला तर महिन्यात खाचा पडतात. म्हणजे आधी कमी कार्बनचं मिश्र पोलाद, मग त्याच्या अंगात कार्बन मुरवून कडक करणं, आणि शेवटी ग्राइंडिंग, कारण तापवलेला शाफ्ट थोडा वाकतोच. टर्नरनी हे सगळं ऐकून घेतलं. ‘म्हणजे तुम्हास्नी केस हार्डनिंग पायजे. मग माझ्याकडनं घासून न्या, तापवायला कोल्हापूरला द्या, आणि ग्राइंडिंगला परत माझ्याकडंच आणा,’ असं सांगून त्यांनी शाफ्टच्या चिठ्ठीवर माप लिहिलं. मग थांबून, ‘जाड करू काय?’

हा प्रश्न चुकीचा नव्हता, हे गमतीचं आहे. अमेरिकेत खुद्द बनवणाऱ्यांनीच हा शाफ्ट वेळोवेळी जाड केला, सुरुवातीला पाऊण इंच आणि शेवटी सव्वा इंच. म्हणजे टर्नरनी साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या इंजिनिअरांचा निष्कर्ष नुसत्या नखाने काढला होता. पण शाफ्ट जाड करायचा तर मधल्या गिअरचं भोक मोठं करावं लागतं, डब्याचं बोअरिंग करावं लागतं, आणि मग उद्या मूळ मापाचा गिअर कुठे मिळाला तरी तो या डब्यात बसत नाही. मालकांनी मूळ माप धरलं. जुन्या गाडीत बदल करावा की नाही याची माझी कसोटी हीच आहे: उद्या दुसऱ्या कुणाला तो उलटा करता येईल का? फरशीखालच्या नळ्या काढून लाकूड घालता येतं. डब्याचं कातरलेलं बीड परत आणता येत नाही.

इंजिनाबाबत ही कसोटी फार पूर्वीच मोडलेली आहे. पेट्रोल महाग आणि डिझेल स्वस्त, त्या काळात आमच्या भागातल्या पेट्रोल जीपांच्या छाताडात डिझेल इंजिनं बसली. कुणी मॅटाडोरचं बसवलं, कुणी महिंद्रानेच फ्रान्सच्या प्यूजोकडून परवाना घेऊन बनवलेलं. वापरणाऱ्याच्या दृष्टीने ते शहाणपणाचंच होतं. मळ्यात जाणाऱ्या माणसाला गाडी चालायला हवी होती, तिचा वारसा नको होता. त्यामुळे आज मूळ हरिकेन इंजिनासह जीप मिळाली तर ते नशीब समजावं. इंजिन जाम असलं तरी घाबरू नये. ब्लॉकला तडा नसेल तर बोअरिंग, नवे पिस्टन, क्रँक ग्राइंडिंग हे कोल्हापूरला रोजचं काम आहे, आणि हे इंजिन तर इतकं सरळ आहे की चार सिलिंडरांचा पेटण्याचा क्रम, एक-तीन-चार-दोन, ध्यानात असला की निम्मं काम झालं.

नवी अडचण वेगळीच आहे. पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल येतं. इथेनॉल पाणी ओढतं, जुन्या रबराला फुगवतं, बुचाची पॅकिंगं सोडवतं. सहा महिने उभी असलेली जीप सुरू करायला जावं तर पंपाचा पडदा गेलेला आणि कार्बोरेटरमध्ये हिरवट गाळ. रबरी नळ्या, पंपाचा पडदा, पॅकिंगं हे सगळं इथेनॉल सोसणाऱ्या मालाचं घालणं हा आज चैनीचा बदल राहिलेला नाही. आणि हे इथेनॉल येतं कुठून? त्यातलं काही आपल्याच उसातून. ज्या जीपांनी साखर कारखान्यांसाठी फड पालथे घातले त्यांच्या पोटात आता कारखान्याचाच माल जाऊन दुखतोय.

ब्रेक हा दुसरा रास्त बदल. जुन्या जीपमध्ये चारही चाकांचं ब्रेक ऑइल एकाच वाटेने जातं. एक नळी फुटली की चारही चाकं मोकळी. दोन वाटांचा मास्टर सिलिंडर लावला तर निदान दोन चाकं हातात राहतात. सीटबेल्टही लावावेत. जे बदल जीव वाचवतात आणि दिसत नाहीत, त्यांच्याविरुद्ध बोलणाऱ्या शुद्धतावाद्यांशी माझं जमत नाही.

पण गावात ‘मॉडिफाय’ म्हटलं की हे कुणाच्या डोक्यात नसतं. डोक्यात असतं ते पंजाब-हरियाणाच्या सीमेवरचं डबवाली. तिथल्या ‘लंडी जीप’चे व्हिडिओ मोबाइलवर फिरतात: ढोपराएवढ्या उंचीवर उचललेली बॉडी, बाहेर आलेले टायर, क्रोमचे पाइप, अंगावर दिव्यांची आरास. आमच्या पोरांना तेच हवं असतं. पैसे देणारा भेटला की करून देणारा इथे आहेच. मला ते आवडत नाही, पण आवडनिवड बाजूला ठेवून नुसतं यंत्र पाहू. या जीपच्या दोन धुऱ्यांतलं अंतर ८० इंच, मूळ टायर सोळा इंची रिमचे आणि अरुंद, ब्रेकचे ड्रम नऊ इंचांचे. त्यावर ट्रॅक्टरला शोभतील असे टायर चढवले की तेवढ्याच ब्रेकला कितीतरी जड चाक थांबवायचं असतं, स्टिअरिंगच्या सांध्यांवर दुप्पट ओढ येते, गाडी उंच आणि आखूड असल्याने वळणावर कलंडायला तयार. त्यात इंजिन दुसऱ्या गाडीचं, ताकद दुप्पट. मग ॲक्सल तुटतो. मग जाड ॲक्सल. मग त्याला जुळणारा गिअरबॉक्स. शेवटी उरते ती फक्त समोरची जाळी.

कायदाही आता याच्या आड आहे. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ सांगतं की बनवणाऱ्याने ठरवलेल्या आणि नोंदणीत लिहिलेल्या तपशिलांशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. केरळमधल्या एका प्रकरणात जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याचा अर्थ कडक लावला: गाडीचं मूळ स्वरूप बदलणारे रचनेतले फेरफार चालणार नाहीत. इंजिन बदलायचं तर परिवहन कार्यालयाची मंजुरी आणि आरसी बुकात नोंद हवी. आणि सगळ्यात मजेची गोष्ट रंगाची. जीप घेणाऱ्या दहांतल्या नऊ जणांना ती लष्करी हिरवी हवी असते. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२१ क्रमांकाचा नियम तो ऑलिव्ह ग्रीन रंग फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांसाठी राखून ठेवतो. पेंटर हे सांगत नाही. तो डबा मिसळून देतो.

दुसऱ्या बाजूला जुलै २०२१ मध्ये केंद्राने विंटेज वाहनांसाठी नियम आणले. ५० वर्षांहून जुनी दुचाकी किंवा चारचाकी, पण मूळ अवस्थेत राखलेली; चेसी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार नसलेली. नव्याने नोंदणी करायची तर शुल्क २० हजार रुपये, मुदत दहा वर्षं, नूतनीकरणाला पाच हजार. नव्या नोंदणीच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. आधीच नोंदलेल्या गाडीला आपला जुना क्रमांक राखता येतो. मात्र अशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही, प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन एवढ्यापुरतीच रस्त्यावर. थोडक्यात, सत्तरीच्या आसपासची हरिकेनवाली सीजे-३बी या दारातून आत जाते आणि तिचीच मॅटाडोर इंजिन घातलेली बहीण बाहेर राहते. तेव्हाचा शहाणपणाचा निर्णय आज महागात पडतो. नियम करणाऱ्यांनी वापरातल्या गाड्यांचा हा इतिहास ध्यानात घ्यायला हवा होता असं मला वाटतं. आपल्याकडे जीप कुणी काचेच्या पेटीत ठेवली नव्हती, तिच्यावर पोटं चालत होती.

हात आणि कायदा यांची गाठ कशी पडते याचं सगळ्यांनी पाहिलेलं उदाहरण आमच्या शेजारच्या सांगली जिल्ह्यातलं. कडेगाव तालुक्यातलं देवराष्ट्रे, यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव. तिथल्या एका लोहारकाम करणाऱ्या कारागिराने घरच्यांसाठी भंगारातल्या भागांतून एक छोटी चारचाकी तयार केली, दिसायला जीपची धाकटी बहीण आणि सुरू करायची दुचाकीसारखी लाथ मारून. खर्च साठ हजारांच्या घरात. २०२१ च्या डिसेंबरात तिचा व्हिडिओ देशभर फिरला. आनंद महिंद्रांनी कौतुक केलं आणि त्याच दमात लिहिलं की ही गाडी नियमांत बसत नाही, आज ना उद्या अधिकारी ती थांबवतील. तिच्या बदल्यात बोलेरो देतो. जानेवारी २०२२ मध्ये बोलेरो देवराष्ट्र्यात आली आणि घरची जीप कंपनीकडे गेली.

बातम्यांनी याची परीकथा केली. मला त्यात दोन गोष्टी दिसल्या. त्या माणसाच्या हाताला सलाम करायलाच हवा. आमच्या पट्ट्यात असे हात गल्लोगल्ली आहेत. पण त्याने केली ती नवी वस्तू होती. कुणाची जुनी गाडी कापून त्याने ती केली नाही. ज्याला नवं करायचंय त्याने खुशाल भंगारातून नवं करावं, शेतात चालवावं, प्रदर्शनात मांडावं. कला दाखवायला कांदिवलीची शिल्लक राहिलेली जीप कापायची गरज नाही.

आणि राखण्याचीही परंपरा आपल्याकडे आहे. दरवर्षी विजयादशमीला छत्रपती घराण्याची मेबॅक गाडी दसरा चौकात येते तेव्हा आख्खं कोल्हापूर ती पाहायला लोटतं. त्या गाडीत कुणी नवं इंजिन, चकचकीत रिम शोधत नाही. ती होती तशी आहे, एवढ्यासाठीच लोक पाहतात. राजाच्या मोटारीला जो न्याय, तो शेती अधिकाऱ्याच्या जीपला लावायला हरकत नसावी.

उशीर करून मात्र चालणार नाही. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी गाड्यांच्या नोंदणीचं नूतनीकरण होत नाही. त्या नोंदणीकृत भंगार केंद्रात जातात. म्हणजे लिलावातून जीप सुटून मळ्यात येण्याची जुनी वाट बंद झाली आहे. खासगी मोटारीचं पंधरा वर्षांनंतरचं नूतनीकरणही एप्रिल २०२२ मध्ये ६०० रुपयांवरून पाच हजारांवर गेलं. आता ज्या जीपा आहेत त्या आहेत, आणि त्यातल्या कितीतरी अजून गोठ्यांत, बंद सायझिंगच्या आवारांत, वाटणीच्या भांडणात अडकलेल्या वाड्यांमागे उभ्या आहेत.

शेडमधली जीप आता स्वतःच्या चाकांवर उभी आहे. रंग राखाडी ठरला, हिरवा नाही. इंजिन मूळ, शाफ्ट मूळ मापाचा, ब्रेक दोन वाटांचे. मूळ पद्धतीचा एक पुढचा दिवा अजून मिळालेला नाही आणि मालक आधुनिक एलईडी लावायला तयार नाहीत, त्यामुळे गाडी तूर्त दिवसाच बाहेर काढता येईल.

तुमच्या आजोबांची किंवा चुलत्यांची अशी जीप कुठे उभी असेल तर मिस्त्री शोधण्याआधी ट्रंका, कपाटं, देवघराची फळी धुंडाळा आणि तिचं आरसी बुक शोधा. त्यावरचा चेसी नंबर आणि गाडीवर ठोकलेला नंबर ताडून पाहा, वारसांची नावं लावायची असतील तर आधी लावून घ्या. भंगारवाला वजनावर भाव सांगेल, त्याला थांबायला सांगा. बाकी सगळे सुटे भाग इचलकरंजीत करून मिळतात.